खजिन्यापेक्षा स्फटिकाचे दुकान

‘द अल्केमिस्ट’ या कादंबरीवर वाचकांच्या चाललेल्या चर्चेत बहुतेकांनी तिच्यातून एकच धडा घेतला आहे, तो म्हणजे मनापासून इच्छा केली की सारे विश्व मदतीला धावून येते. मला हाच धडा सर्वांत कच्चा वाटतो. पावलो कोएलो यांच्या १९८८ सालच्या या कादंबरीतील मेंढपाळ सांतियागो मोरोक्कोतल्या टँजियरला उतरताच लुबाडला जातो आणि खजिन्यासाठी पिरॅमिडकडे निघालेला हा मुलगा जवळजवळ वर्षभर स्फटिकाच्या भांड्यांच्या दुकानात राबतो. भांड्यांवरची धूळ पुसतो, स्फटिकाच्या पेल्यांतून चहा विकण्याची कल्पना काढतो आणि धंदा वाढवून दाखवतो. मालकाने मात्र मक्केला जाण्याची इच्छा जन्मभर नुसती जपली आहे, कारण ती पुरी झाली तर जगायला कारण उरणार नाही, अशी त्याला भीती वाटते. असे दुकानदार आपल्या सांगलीच्या पेठेत शोधायला फार लांब जावे लागणार नाही.

इच्छेप्रमाणेच नुसत्या आश्रयावरही भागत नाही; शेवटी स्वतःच राबावे लागते. मराठी रंगभूमीचे जनक विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगवले, ते सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या पाठबळावर. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले आणि तो आधार तुटला, तेव्हा भावे आपली नाटक मंडळी घेऊन बाहेर पडले आणि १८५३ मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले.

ज्यांनी ही कादंबरी दहावी-बारावीच्या मुलांना भेट द्यावी असे या चर्चेत सुचवले आहे, त्यांनी दुकानाचा भाग मुलांकडून आवर्जून वाचून घ्यावा, अशी विनंती आहे.