मदत हवी आहे: रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ बाइकचा मागचा टायर मूळ मापाचाच घ्यावा का?

नमस्कार मंडळी. गाडीसोबत आलेला मागचा टायर १६ हजार किमी चालला. आता मधला भाग सपाट झालाय, नक्षी झिजून टायर बदलायच्या खुणेला टेकलीय. मूळ माप १२०/९०-१७ (रुंदी मिमी / उंची रुंदीच्या किती टक्के - रिम इंचात), स्पोकची चाकं, ट्यूबवाला.

दुकानदार १३०/८०-१७ घ्या म्हणतोय, "रुंद आहे, पकड वाढेल." हिशेब केला तर व्यास ६४८ ऐवजी ६४० मिमी होतो, म्हणजे गाडी मागून जेमतेम ४ मिमी खाली बसेल. ते चालेल. पण रुंदीमुळे चेन किंवा स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) घासणार नाही ना? आणि पुढचा ९०/९०-२१ जुनाच ठेवला तर वळणावर गाडी जड वाटते का?

माझं फिरणं बहुतेक डांबरी रस्त्यावर. पुण्याहून ताम्हिणी उतरून कोकण, मागे बायको आणि दोन्ही बाजूंना सामान. त्यामुळे लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मूळ टायरपेक्षा कमी घेणार नाही, हे नक्की. पावसात ओल्या घाटात पकड हवी, त्यासाठी आयुष्य दोन-तीन हजार किमी कमी मिळालं तरी चालेल.

दोन्ही मापं स्वतः वापरलेल्यांनी कृपया सांगा. जूनच्या आधी बदलायचाय.