मदत हवी आहे: बायपोलर असलेल्या नर्सिंग विद्यार्थ्यांची रात्रपाळी कशी लावावी?

पोस्टिंगचं वेळापत्रक लावणाऱ्यांचा सल्ला हवा आहे. बायपोलर आजारात (मनःस्थिती टोकाची वर-खाली होते) झोप मोडली की मेनिया, म्हणजे अति उत्तेजनाचा झटका, उसळू शकतो, त्यामुळे सकाळ-रात्र-सकाळ अशी फिरती पाळी सगळ्यात घातक. रात्रपाळी सरसकट माफ केली तर प्रात्यक्षिकाचे तास कमी भरतात. हे तास तुम्ही संध्याकाळच्या पाळीत भरून घेता का? रात्री द्याव्याच लागल्या तर सलग किती, आणि नंतर सुट्टी किती?

दुसरी अडचण लिथियमची, म्हणजे बायपोलरवरच्या औषधाची. रक्तातली पातळी शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी तपासतात. पाळीमुळे डोस मागेपुढे झाला की आकडा फसवतो. पीपीई किटमध्ये तासन्‌तास घाम आणि पाणी नाही, वर अंगदुखीवर आयबुप्रोफेन, की पातळी चढते. नेहमीच्या डोसवरही सिरिंज भरताना बोटं बारीक थरथरतात, आणि परीक्षक त्याला घाबरटपणा समजून गुण कापतात. हे फार अन्यायाचं आहे. थरथर अचानक वाढली, सोबत उलट्या किंवा तोल जाणं असेल, तर मात्र तातडीने डॉक्टर.

वॉर्डच्या सिस्टरांना निदान न सांगता फक्त सवलती कळवणारं पत्र कोणी वापरतं का? मजकूर कसा असतो?