साथीत मानसिक रुग्णाला रुग्णवाहिकेतून नेताना: बांधायचं का, मास्कचं काय, आधी कुठं न्यायचं?

तासगाव_सेवा
नमस्कार. तासगाव, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात संस्थेची एक रुग्णवाहिका चालते. गाडीत चालक, एक परिचारिका, बी टाइप ऑक्सिजन सिलिंडर, पल्स ऑक्सिमीटर आणि ग्लुकोमीटर असतो. डॉक्टर नसतात. कोविडसारखी साथ पुन्हा आलीच तर मानसिक आजाराच्या रुग्णांसाठी काय करायचं, ते एका पानावर लिहून गाडीत चिकटवायचं आहे. रुग्णाला ताप आहे, तो बडबडतोय, पीपीई किटमधली माणसं बघून अंगावर येतोय किंवा पळतोय, मास्क फेकतोय आणि घरचे म्हणतायत, "हातपाय बांधा आणि न्या." अशा वेळी नेमका क्रम काय ठेवावा? थेट येरवड्याच्या मानसिक रुग्णालयात न्यावं की मिरजेच्या सरकारी रुग्णालयात?

ईएमओ_सातारा
बांधायचं का, हे खूप नंतर येतं. आधी बघायचं की हा त्रास मनाचा आहे की शरीराचा. साथीच्या दिवसांत जुना स्किझोफ्रेनियाचा रुग्ण बडबडायला लागला की सगळे "परत बिघडलाय" म्हणून मोकळे होतात, आणि ऑक्सिजन ८५ वर आलाय हे कुणी बघतच नाही. ऑक्सिजन कमी पडला, साखर घसरली, ताप डोक्यात गेला, तरी माणूस असाच वागतो. त्याला डिलिरियम म्हणतात. तो जिवावरचा प्रसंग आहे.

ओळखायचं कसं? डिलिरियम काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत उभा राहतो आणि कमी-जास्त होत राहतो. रात्री वाढतो. कुठं आहोत, सकाळ की संध्याकाळ, हे रुग्णाला सांगता येत नाही. नसलेली माणसं, किडे, जनावरं दिसतात. रविवारपासून उलटे वार म्हणायला सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार... डिलिरियममधला माणूस बहुधा दोन-तीन वारांतच भरकटतो. निव्वळ मानसिक आजार उफाळलेला माणूस चिडलेला असेल, आवाज ऐकू येत असतील, पण शक्यतो जागा-वेळ बरोबर सांगतो. शंका असेल तर शरीराचा आजार धरूनच चाला.

ऑक्सिमीटरचा आकडा लगेच खरा मानू नका. हात हलत असेल, बोट गार असेल, नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर वाचन चुकतं. मनगटाची नाडी मोजा. ती यंत्रावरच्या ठोक्यांशी जुळली आणि आकडा निदान अर्धा मिनिट स्थिर राहिला तरच लिहा. ९४ च्या खाली असेल तर ऑक्सिजन लावा आणि ऑक्सिजनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्या. ९० च्या खाली असेल तर १०८ ची डॉक्टर असलेली गाडी मागवा, पण तिची वाट बघत थांबू नका. साखर ७० च्या खाली आणि रुग्ण गिळू शकत असेल तर साखरपाणी द्या. गुंगीत असेल तर तोंडाने काहीही नको.

दोन गोष्टी आपल्या भागात विसरून चालणार नाहीत. एक, दारू. मार्च २०२० मध्ये दुकानं एका रात्रीत बंद झाली, तशी पुन्हा झाली तर रोज पिणाऱ्याला शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात आणि दोन-चार दिवसांत थरथर, घाम, भास सुरू होतात. त्याला मानसिक रुग्णालयाआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) आणि सलाईन मिळेल असं रुग्णालय लागतं. दुसरी, द्राक्षपट्ट्यातली औषधं. बाहुली टाचणीएवढी बारीक, तोंडातून लाळ, घामाने भिजलेलं अंग दिसलं तर कीटकनाशक पोटात गेल्याचं धरा. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, ओकारी काढायला लावू नका आणि डबा सोबत घ्या. हे करताना हातात ग्लोव्हज हवेतच.

मिरज_परिचारिका
ताई-दादांनो, पीपीईबद्दल लिहिते. घरात शिरण्याआधीच पूर्ण किट चढवून चार जण गेलात तर घाबरलेला रुग्ण आणखी घाबरणार. एकानेच बोलायचं. त्याने एन-९५ घालून अंगणात, दोन मीटरवर उभं राहावं, नाव सांगावं आणि बाकीचं किट रुग्णाच्या डोळ्यांसमोर चढवावं: "हा कोट मी तुमच्यासाठी नाही, तापासाठी घालतेय." छातीवर मार्करने मोठ्या अक्षरांत नाव लिहा. मास्कमधून आवाज दबतो म्हणून ओरडू नका, वाक्यं छोटी करा. सायरन आणि लाल-निळा दिवा गल्लीच्या तोंडाशीच बंद. गर्दी हटवायला पोलीस पाटलांना आधीच फोन करा, पण खाकी वर्दी पहिल्यांदा दारात दिसता कामा नये.

मास्कची जबरदस्ती नको. धाप लागलेल्या, ओकाऱ्या होणाऱ्या किंवा औषधाने गुंगलेल्या रुग्णाच्या तोंडावर मास्क दाबणं धोक्याचं आहे. ऑक्सिजन मास्कमध्ये गुदमरल्यासारखं होत असेल तर नेझल प्रॉन्ग्ज (नाकपुड्यांत बसणारी ऑक्सिजनची नळी) लावा आणि सहन होत असेल तर वरून साधा सर्जिकल मास्क. काहीच लावून घेत नसेल तर आपलं संरक्षण वाढवा: फेसशील्ड, एन-९५, खिडक्या चार बोटं उघड्या, एसीची हवा आतल्या आत फिरवू नका.

निघण्याआधी रुग्णाच्या हाताशी येणारं सगळं हलवा: कात्री, सलाईनचा स्टँड, सिलिंडरची चावी, हायपोक्लोराइटची (जंतुनाशकाची) बाटली. सॅनिटायझर तर नक्कीच, दारूची सवय असलेला माणूस तो पिऊ शकतो. सरकत्या दाराचं चाइल्ड लॉक लावा. ओळखीचा एक नातेवाईक मास्क घालून डोक्याशी बसला तर निम्मं काम होतं.

तासगाव_सेवा
खूप उपयोगी. हे सगळं करूनही ऐकत नसेल, चालत्या गाडीतून उडी मारायला बघत असेल तर? तेव्हा बांधलं तर कायद्यात अडकतो का?

ईएमओ_सातारा
मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नीट वाचा, तो तुमच्या बाजूनेही आहे. कलम २१ प्रमाणे शारीरिक रुग्णाला मिळते तशीच आणि तेवढ्याच दर्जाची रुग्णवाहिका मानसिक रुग्णाला मिळायला हवी. "मेंटल केस आहे, पोलिसांना सांगा" म्हणून गाडी नाकारणं त्यात बसत नाही. कलम ९४ खाली जीव किंवा गंभीर इजा वाचवण्यासाठी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. त्यात जवळच्या मानसिक आरोग्य केंद्रात नेणंही येतं. रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी (त्याच्या वतीने निर्णय घेणारा) हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. साखळीने बांधणं कलम ९५ खाली पूर्ण बंद. कलम ९७ सांगतं की तात्काळ धोका टाळायचा दुसरा मार्ग नसेल तरच, गरजेपुरताच वेळ आणि नोंद करूनच जखडायचं. शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून नाही. म्हणून आधी १०८ च्या डॉक्टरशी बोला, वेळ आणि कारण लिहून ठेवा.

आता हात कसे आवरायचे. पालथं कधीच नाही. पाठीवर किंवा छातीवर कुणी बसायचं नाही. न्यूमोनियाने आधीच दमलेली छाती दाबली गेली की मिनिटांत श्वास थांबू शकतो, आणि "शांत झाला" असं वाटतं तोच तो क्षण असतो. डोकं वर, पाठ तीस अंश उचललेली. पट्टा छातीवर नाही, कमरेवर आणि मांडीवर. मनगटाला रुंद, मऊ पट्टी, आत दोन बोटं जातील एवढी सैल, एका ओढीत सुटेल अशी गाठ, आणि ती स्ट्रेचरच्या पक्क्या चौकटीला, हलणाऱ्या कठड्याला नाही. दर दहा मिनिटांनी बोटांचा रंग, श्वास आणि ऑक्सिजन बघा. शांत झाला की एकेक पट्टी सोडा.

गुंगीचं इंजेक्शन डॉक्टरशिवाय नाहीच. दिल्यावर श्वास मंदावतो, म्हणून सलग ऑक्सिमीटर लागतो.

आणि कुठं न्यायचं? येरवडा सांगलीहून सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढं आहे, रत्नागिरीच्या मानसिक रुग्णालयाच्या वाटेवर आंबा घाट. गुंगीतल्या रुग्णाला घाटात ओकारी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. ताप किंवा कमी ऑक्सिजन असेल तर आधी मिरज, मानसिक रुग्णालय नंतर. निघण्याआधी फोनवर तीनच प्रश्न विचारा: विलगीकरणात खाट आहे का, ऑक्सिजन आहे का, मानसोपचारतज्ज्ञ बघतील का. बी टाइप सिलिंडर भरलेला असेल तर साधारण १५०० लिटर, मिनिटाला १० लिटरने अडीच तास. जतहून मिरज दीड-दोन तास आणि दारात थांबणं वेगळं, तेव्हा दुसरा सिलिंडर घेतल्याशिवाय निघू नका.

औषधवाला_कराड
एक भर. गोळ्यांची पिशवी आणि जुने कागद घेतल्याशिवाय गाडी हलवू नका. लिथियम (मनाची चढ-उतार आवरणारं औषध) चालू असेल आणि ताप-जुलाबाने पाणी कमी झालं असेल तर लिथियम रक्तात साठतं: हात थरथरतात, तोल जातो, ओकाऱ्या, गोंधळ. तापासाठी आयबुप्रोफेन दिलं तर ते आणखी वाढतं, त्यामुळे पॅरासिटामॉलच. क्लोझापिन (स्किझोफ्रेनियाचं औषध) घेणाऱ्याला ताप किंवा घसादुखी असेल तर पांढऱ्या पेशींची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी, हे हस्तांतराच्या कागदावर ठळक लिहा. डेक्सामेथासोन सुरू झाल्यावर झोप उडून उन्माद चढू शकतो, तेव्हा स्टेरॉइडचा पहिला दिवस कोणता हेही लिहा. ॲझिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) चालू असलेल्याला हॅलोपेरिडॉल (उन्माद, भास आवरणारं औषध) देण्याआधी डॉक्टरांना ईसीजीची आठवण करून द्या. ताप नसलेला, ऑक्सिजन ठीक असलेला रुग्ण असेल तर आधी १४४१६ वर टेलिमानसला (सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा) फोन लावा. ही सेवा चोवीस तास चालते आणि बऱ्याचदा गाडी न काढताही काम होतं.