ठाण्याचा किल्ला: कारागृह हलवावे की राहू द्यावे? (तीन ठाणेकरांचा वाद; प्रत्येकजण आपल्या भागाच्या नावाने बोलतो.)

मासुंदाकाठ : किल्ल्यात असलेले ठाणे मध्यवर्ती कारागृह शहराबाहेर न्यावे आणि किल्ला लोकांसाठी खुला करावा, ही मागणी ठाण्यात अधूनमधून उठते आणि विरून जाते. मी तिच्या बाजूचा आहे. पोर्तुगिजांनी १७३० च्या दशकात हा किल्ला बांधायला घेतला. काम पुरे होण्याआधीच, १७३७ मध्ये, चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तो जिंकला. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर साष्टी बेटासह तो त्यांच्याकडेच राहिला. वसईचा किल्ला कोणीही आत फिरून पाहू शकतो, आमच्या किल्ल्याचा मात्र तटच तेवढा रस्त्यावरून दिसतो, हे मला पटत नाही.

जांभळी नाका : आपण इतिहास १७८२ लाच थांबवला आहे. ही वास्तू गढी म्हणून जेमतेम शंभर वर्षे नांदली. १८३३ पासून ती तुरुंग आहे, म्हणजे त्याच्या जवळपास दुप्पट काळ. त्याआधीही, १८१५ मध्ये, बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाच्या आरोपावरून इंग्रजांनी पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना येथेच कोंडले होते आणि १८१६ मध्ये ते पहारा चुकवून निसटले. (पहाऱ्यावरच्या गोऱ्यांना मराठी कळत नसे, म्हणून एक मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारा) गाण्यातून डेंगळ्यांना निरोप पोहोचवी, अशी कथा आहे.) इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी येथे फाशी झाली. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी येथेच फासावर चढवले गेले. ही माणसे किल्ल्यात नव्हे, तुरुंगात मेली. तुरुंगाला केवळ अतिक्रमण मानून बाहेर काढले, तर त्यांची जागा कोणत्या नावाने दाखवणार?

मासुंदाकाठ : कारागृह हलवणे म्हणजे कोठड्या पाडणे नव्हे. कोलकात्यात अलीपूर तुरुंगातील कैदी बारुईपूरला नेले आणि २०२२ मध्ये त्या जुन्या वास्तूचे संग्रहालय झाले. आपण सांगितलेल्या फाशीची जागा आज सामान्य माणसाला पाहता येते का? तुरुंगाचा इतिहास तुरुंगामुळेच बंद राहिला आहे, हा विरोधाभास आपणच सोडवावा.

खारेगाव : दोघांनाही विनंती की, आज तेथे राहणाऱ्यांचा थोडा विचार व्हावा. आतल्या बहुसंख्यांवर अजून खटला चालू आहे, म्हणजे ते कच्चे कैदी आहेत, आणि जिल्हा न्यायालय जवळच आहे. कारागृह दूर गेले की तारखेला कैदी नेण्यासाठी गाडी आणि पोलीस पथक दोन्ही वेळेवर मिळावे लागते. ते न मिळाल्यास तारीख पुढे जाते आणि जामिनाचा अर्जही तसाच पडून राहतो. कैद्यांना भेटायला (मुलाखतीसाठी) येणारी माणसे बहुधा रोजंदारीवर पोट असलेली असतात. ठाणे स्थानकावर उतरून त्यांना चालत कारागृह गाठता येते. उद्या तेच कुठल्या माळरानावर गेले, तर एका भेटीत त्यांचा पूर्ण दिवस बुडेल. आत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसे आहेत, म्हणून नवे कारागृह हवे हे मला मान्य आहे. पण ते जादा म्हणून हवे, याच्या बदल्यात नव्हे.

जांभळी नाका : खारेगाव यांचा मुद्दा मी जोडून घेतो. पुण्यात येरवडा कारागृह चालू असतानाच २०२१ मध्ये तेथील ऐतिहासिक जागा ठरावीक संख्येने लोकांना दाखवण्याची योजना सुरू झाली. तसेच येथेही करता येईल.

मासुंदाकाठ : येरवड्याचे आवार फार मोठे आहे, येथे मात्र तटाच्या आत आधीच माणूस माणसाला खेटून राहतो. शिवाय मोकळी झालेली जागा बांधकामाला जाईल या भीतीनेच आपण विरोध करत असाल, तर तसे स्पष्ट म्हणावे.

जांभळी नाका : ती भीती आहेच. ठाण्यातली किती मोकळी जमीन मोकळी राहिली? किल्ल्याच्या आवारात एकही नवी इमारत उठणार नाही, असे कायद्याने बांधून घेतलेला प्रस्ताव आपण पुढे आणावा, मी त्यावर आनंदाने सही करीन.

खारेगाव : मी मात्र तेव्हाही करणार नाही.