पॅडी शिवलकरांची कारकीर्द ‘अपुरी’ कशी?

शिवाजीपार्ककर:
मुंबईचे डावखुरे फिरकीपटू पॅडी शिवलकर. परवा इथे एकाने लिहिलं, ‘शिवलकर कसोटी खेळले नाहीत, म्हणजे कारकीर्द अपुरीच. खरी गुणवत्ता असती तर संधी मिळालीच असती.’ वाचल्यापासून डोकं तापलंय. १२४ प्रथमश्रेणी सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९ (एका बळीमागे दिलेल्या धावा, जितक्या कमी तितक्या चांगल्या). हे अपुरं? भारताचे कसोटी फिरकीपटू बिशनसिंग बेदी, खुद्द त्यांची प्रथमश्रेणी सरासरी २१.६९ आहे.

चेन्नईच्या चेपॉक मैदानावरची १९७२-७३ची रणजी फायनल आठवा. मुंबई पहिल्या डावात १५१वर गारद. मग पॅडींनी १६ धावांत ८ घेतले, दुसऱ्या डावात १८ धावांत ५. तमिळनाडू ८० आणि ६१. तिसऱ्या दिवशीच्या पहिल्याच चेंडूवर सामना खलास, मुंबईचं लागोपाठ पंधरावं विजेतेपद. १९६६ ते १९७९ भारतीय संघात डावखुऱ्या फिरकीच्या जागेवर बेदी होते आणि नेमकी तीच पॅडींची उमेदीची वर्षं. पण मुद्दा त्याच्याही पुढचा आहे. रणजी म्हणजे कसोटीची प्रवेशपरीक्षा नव्हे. माणूस जन्मभर रणजी गाजवतो तेव्हा त्याचं क्रिकेट पुरं झालेलं असतं.

आकडेवाला:
ती पोस्ट माझी, आणि मी ठाम आहे. त्या फायनलमध्ये चारही डाव मिळून ४०५ धावा झाल्या. असल्या फिरकीधार्जिण्या आखाड्यावरच्या १३ बळींचं कौतुक मला सांगू नका. बेदींचा अडसर म्हणता? १९७४ला बेंगळुरूच्या कसोटीतून बेदींना शिस्तीच्या कारणावरून वगळलं, तेव्हा बोलावणं गेलं हरियाणाचे डावखुरे फिरकीपटू राजिंदर गोयल यांना, शिवलकरांना नाही. गोयलांचे एकट्या रणजीत ६३७ बळी आहेत, आणि तेही शॉर्टलेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, मुंबईचा झेलपटू एकनाथ सोलकर उभा नसताना.

शिवाजीपार्ककर:
मग गोयल तरी खेळले का हो त्या कसोटीत? बोलावून बाहेर बसवलं. प्रसन्ना, चंद्रा, वेंकट हे फिरकीपटू खेळले. ६३७ बळी घेणाऱ्यालाही कसोटीची टोपी मिळत नसेल, तर ‘गुणवत्ता असती तर संधी मिळाली असती’ या तुमच्या वाक्यात काय उरलं? आणि सोलकरने झेल घ्यायला चेंडू आधी बॅटची कड घेऊन त्याच्याकडे जावा लागतो. ते काम गोलंदाजाचं. त्याच आखाड्यावर समोरून तमिळनाडूचे वेंकट आणि व्ही. व्ही. कुमार फिरकी टाकत होते, तरी मुंबई १२३ धावांनी जिंकली.

नागपूरकर:
तुम्ही दोघंही कसोटीतच अडकलात. शिवलकर-गोयलना निदान २०१७ला बोर्डाचा सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला. माझे काका विदर्भाकडून ऑफस्पिन टाकायचे, त्यांचं काय? तेव्हा रणजीची साखळी विभागवार असे. मध्य विभागात पाच संघ, म्हणजे हंगामाला चारच साखळी सामने. विदर्भ पुढे जायचा नाही, की संपलं वर्ष. मुंबई फायनलपर्यंत जायची, तिच्या खेळाडूचे सामने आपोआप वाढायचे. आणि क्रिकेट बोर्डाची पेन्शन किमान २५ प्रथमश्रेणी सामन्यांना! आमच्याकडे त्याला सहा-सात हंगाम लागत, तेही एकही सामना न चुकता. काकांचं बोट एका हंगामात मोडलं, आणि पंचवीस व्हायला थोडे सामने कमी पडले. ते मधलं बोट आजही सरळ होत नाही, चहाचा कप डाव्या हातात धरतात.

जुना स्कोअरर:
वाईट वाटलं. पण भाऊ, रेघ कुठेतरी ओढावीच लागते. २०२२ला किमान पेन्शन १५ हजारांवरून ३० हजार झाली, ती दोन सामने खेळलेल्यालाही द्यायची का? त्या काळी खेळाडूंना नोकऱ्या होत्या. कंपन्या त्यांना नेटसाठी लवकर सोडायच्या.

नागपूरकर:
सोडायच्या तुमच्या मुंबईत! कंपन्यांच्या संघांची टाइम्स शील्ड स्पर्धा तुमची, निर्लॉन-मफतलालचे संघ तुमचे. काका सामन्याला जायचे ते बिनपगारी रजेवर. ‘तुम्ही खेळता, मग काम कोण करणार?’ म्हणून साहेबांनी दोनदा बढती अडवली. आज रणजीच्या पोराला दिवसाला ४० ते ६० हजार मिळतात, मिळायलाच हवेत. आम्ही २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असं तीनदा रणजी जिंकलो. पण विदर्भ हरत असतानाही कुणीतरी पदरमोड करून संघ चालू ठेवला होता ना?

जुना स्कोअरर:
मुंबईला सगळं ताटात वाढून मिळालं असं बोलू नका, राग येतो. आमचा फलंदाज अमोल मुझुमदार पदार्पणात २६० मारून, पुढे ११,१६७ प्रथमश्रेणी धावा करूनही कसोटी खेळला नाही. इथे एका जागेला दहा जण टपलेले असत.

नागपूरकर:
टपायला दहा जण होते, कारण खेळून पोट भरत होतं. आमच्याकडे चांगली पोरं विशीतच बॅट ठेवून देत. आणि ज्यांनी ठेवली नाही, त्यांना आता सांगता की सामने कमी पडले.

आकडेवाला:
चार सामन्यांचं गणित मी धरलं नव्हतं. तेवढ्यापुरतं बरोबर आहे तुमचं. सामने मोजण्याऐवजी हंगाम मोजावेत. पाच हंगाम संघात असलेल्याला पेन्शन द्यावी, माझी हरकत नाही. शिवलकरांबद्दलचं मत मात्र बदलत नाही.

शिवाजीपार्ककर:
नका बदलू. पण मग काकांची कारकीर्द मोजताना हंगाम धरता आणि पॅडींची मोजताना कसोटीची टोपी, असं का? पॅडी १९६१-६२ला प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये उतरले आणि १९८७-८८लाही मुंबईकडून टाकत होते, त्याचे हंगाम मोजा की!

नागपूरकर:
मोजा, आणि आमचेही मोजा. काकांकडे जुन्या स्कोअरकार्डांची कात्रणं आहेत. संघटनेला अर्ज करतोय. कुणाला अशा अर्जाचा मसुदा नीट करता येत असेल तर सांगा.