पाळी गेल्यावर हाडांसाठी होमोसिस्टीन तपासावं का?

वैशाली, सातारा
माझ्या मोठ्या जाऊबाई ५६ वर्षांच्या. लॅबच्या 'बोन पॅकेज'मध्ये होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल, बी१२ किंवा फॉलिक ॲसिड कमी पडलं की वाढतं) २४ आलं, नॉर्मल साधारण १५ पर्यंत. डेक्सात, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या स्कॅनमध्ये, टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाशी तुलना) उणे १.८, म्हणजे हाडं विरळ झालीत, पण ऑस्टिओपोरोसिसची उणे २.५ ची रेघ ओलांडलेली नाही. फॅमिली डॉक्टर म्हणाले, होमोसिस्टीनकडे दुर्लक्ष करा. मला हे पटत नाही. इस्ट्रोजेन घटलं की होमोसिस्टीन चढतं आणि ते हाडातल्या कोलॅजेन या प्रथिनाची वीण सैल करतं. डेक्सा खनिज मोजतं, वीण नाही. २००४ मध्ये रॉटरडॅम-ॲमस्टरडॅमच्या पंचावन्न पार केलेल्या २४०६ जणांच्या अभ्यासात, सर्वांत जास्त होमोसिस्टीन असलेल्या पाव गटात फ्रॅक्चरचा धोका जवळपास दुप्पट निघाला. साखर तपासतो तसं पाळी गेल्यावर हेही तपासायलाच हवं.

निनाद
वैशालीताई, धोका वाढलेला दिसतो, मान्य. पण आकडा उतरवून हाड वाचतं का? त्याच नेदरलँड्समध्ये 'बी-प्रूफ' चाचणी झाली. ६५ च्या पुढचे २९१९ लोक, होमोसिस्टीन १२ च्या वर, दोन वर्षं रोज बी१२ आणि फॉलिक ॲसिड. होमोसिस्टीन उतरलं. फ्रॅक्चर एकूणात कमी झाली नाहीत. आणि ज्या जपानी अभ्यासात गोळ्यांनी खुब्याचं फ्रॅक्चर टळल्याचा गाजावाजा झाला होता, तो 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१६ मध्ये मागे घेतला. जे उतरवून उपयोग दिसत नाही, ते सगळ्यांचं कशाला मोजायचं? लॅबवाल्यांची चंगळ, दुसरं काय.

वैशाली, सातारा
डच माणूस दूध-चीज-मासे खाणारा. आमच्या जाऊबाई चातुर्मास पाळतात आणि एरवीही अंड्याला हात लावत नाहीत. पुण्याचे मधुमेह संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या पथकाने पुण्याच्या आसपास तपासलं तर ६७ टक्के लोकांत बी१२ कमी होतं. त्यांच्याकडचा निकाल इथे जसाच्या तसा कसा लावता?

निनाद
ते सगळे मध्यमवयीन पुरुष होते ताई, आणि त्यात हाडं कुणी मोजली नव्हती. तुमचा मुद्दा बी१२ चा आहे. मग बी१२ च तपासा की.

लॅबमधली ताई
मध्येच बोलते. होमोसिस्टीनची ट्यूब बर्फात ठेवून प्लाझ्मा लवकर वेगळा करावा लागतो, नाहीतर लाल पेशींतून ते बाहेर पडत राहतं आणि आकडा फुगतो. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा गाडीवर अजून चार घरं फिरतो. बर्फाचा डबा होता का, एवढं विचारा. किडनी किंवा थायरॉईडची तक्रार असेल तरी होमोसिस्टीन चढतं. आणि जाऊबाई मधुमेहाची मेटफॉर्मिन घेतात का? ती वर्षानुवर्षं घेतली की बी१२ कमी होऊ शकतं.

वैशाली, सातारा
घेतात, बऱ्याच वर्षांपासून! डबा कुणी पाहिला नाही. आता लॅबमध्ये जाऊनच रक्त देणार, बी१२ आणि होमोसिस्टीन दोन्ही. पण निनाद, हा २४ चा आकडा आला नसता तर बी१२ चा विषय आमच्या घरात निघाला असता का?

निनाद
मेटफॉर्मिन लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी काढायला हवा होता. होमोसिस्टीनचे पैसे वाचवा. जाऊबाईंना चालायला लावा, डी जीवनसत्त्व बघा आणि न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घ्या.

वैशाली, सातारा
दांडा बसवते. होमोसिस्टीनही करतेच.