लढाईच हवी असणाऱ्या खेळाडूंना आवरावे का?

तलावपाळीकर (धागाकर्ता):
नौपाड्यात आमच्या घरी महिन्यातून दोन रविवारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन फाशांच्या मदतीने काल्पनिक साहसकथा खेळायच्या खेळाचा, डाव बसतो. खेळाडू पाच, डीएम (कथा चालवणारा, शत्रू आणि इतर पात्रे सांभाळणारा) मी. पाचांपैकी दोघांना तलवार उपसल्याशिवाय खेळ सुरू झाला असे वाटतच नाही. मागच्या वेळी पुलावरच्या नाकेदाराशी आमच्या बार्डची (भाट-गवयाचे पात्र घेतलेल्या खेळाडूची) जकातीवरून घासाघीस चांगली रंगली होती. तिघे त्यात गुंतले होते, आणि या दोघांपैकी एकजण सहा पैलूंचे फासे एकावर एक रचत बसला होता. मनोरा कोसळला तसा तो म्हणाला, “मी नाकेदारावर वार करतो.” पुढचा सव्वा तास लढाईत गेला, नाकेदार मेला, आणि ज्या माहितीवर मी पुढची तीन सेशन्स बेतली होती ती त्याच्याबरोबरच गेली. अशांना आळा घालावा आणि सेशनमागे एकच लढाई ठेवावी, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

वाशीचा वझीर:
‘आळा’ हा शब्दच मला खटकला. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ प्रसिद्ध केला तो छोट्या सैनिकांच्या प्रतिकृती मांडून खेळायच्या युद्धखेळांतून घडवून. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत शोध, संवाद आणि लढाई असे तीन आधारस्तंभ सांगितले आहेत खरे, पण नियमांचे वजन पाहा: लढाईला सहा सेकंदांची फेरी, अंतर, आडोसा, मंत्रांचा पल्ला असे सारे काही, संवादाचा निकाल मात्र बहुधा एका फाशावर लागतो. गॉब्लिन नावाचा किरकोळ राक्षस मारला की ५० एक्सपी, म्हणजे पात्राची पातळी वाढवणारे अनुभवगुण, मिळतात. तुमच्या नाकेदाराला बोलण्यात गुंडाळल्याबद्दल तुम्ही किती देणार होतात? जुन्या नियमांत तर मिळवून आणलेल्या एका सुवर्णनाण्यामागे एक एक्सपी असे, त्यामुळे न लढता खजिना लांबवणारा शहाणा ठरत असे.

तलावपाळीकर:
काहीच देणार नव्हतो. ही चूक माझी.

घोडबंदर रोड:
मला हे गुणांचे गणित पटत नाही. फासे रचणारा माणूस एक्सपी मोजत नव्हता, तो कंटाळला होता, आणि कंटाळलेल्याला लाच देऊन रस उत्पन्न होत नाही. पाचांत दोन वेगळे खेळ चालले असतील तर दोन गट करावेत; त्यात कुणाचा अपमान नाही. खरे तर कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन्स चालणारी कथा, सुरू होण्यापूर्वी एक बैठक घेऊन कुणाला काय हवे ते विचारायचे असते. तुम्ही ते केलेले दिसत नाही.

नेरुळहून:
मी असाच खेळाडू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी ट्रान्स-हार्बरच्या गाडीने ठाण्याला डावासाठी येतो, आणि लढाई मागतो ती रक्ताच्या हौसेने नव्हे. लढाईच्या सुरुवातीला इनिशिएटिव्हचा, म्हणजे क्रम ठरवणारा, फासा पडला की प्रत्येकाची पाळी ठरते. माझी पाळी आली की सगळे माझ्याकडे पाहतात आणि माझ्याशिवाय डाव पुढे सरकत नाही. ही पंगत आहे, पानावर बसलेल्या प्रत्येकाला वाढले जाते. संभाषण मात्र बुफे असतो: ज्याची जीभ चुरचुरीत तो दोनदा ताट भरून घेतो आणि माझ्यासारखा मितभाषी रांगेतच उभा राहतो. माझे पात्र सरदार असले तरी मी सरदारासारखा बोलू शकत नाही. फासा मात्र मला बार्डइतकाच पडतो. धागाकर्त्यांनी त्या घासाघिशीत त्या दोघांना एकदा तरी नाव घेऊन विचारले होते का, की “नाकेदाराचे पहारेकरी तुझ्याकडे रोखून पाहत आहेत, तू काय करतोस?”

तलावपाळीकर:
विचारले नव्हते. मुख्यतः ते तिघेच बोलत होते आणि मीही त्यांच्यातच रमलो होतो, हे लिहिताना आता ओशाळल्यासारखे होते. पुढच्या वेळी संभाषणातही पाळीने फिरणार आहे. तरी नाकेदार मेल्याने उरलेल्या तिघांचे पान उलटे झाले, ही तक्रार मी मागे घेत नाही. पंगतीत शेजाऱ्याचे पान लाथाडायची मुभा नसते. एकच लढाई हा नियम मात्र सोडतो. त्याऐवजी १९८१ च्या बेसिक नियमांतले मनोधैर्य परत आणावे म्हणतो: शत्रूकडचा पहिला गडी पडला की आणि निम्मे गारद झाले की सहा पैलूंचे दोन फासे टाकायचे, बेरीज त्यांच्या मनोधैर्याच्या ठरलेल्या आकड्याहून जास्त आली की ते पळतात किंवा शरण येतात. म्हणजे लढाई होईल, पण नाकेदार बोलायला जिवंत उरेल.

घोडबंदर रोड:
आणि शरण आलेल्या नाकेदाराचे डोके तुमच्या त्या गड्याने आपल्या पाळीला उडवले तर? पाळी तर त्याचीच असेल.